भिंतीबाहेरची जिझेल: एका जुन्या बॅलेची नवी मांडणी

खेडेगावातली एक मुलगी उमरावाच्या लेकीमागे गुपचूप जाऊन उभी राहते. तिच्या झग्याची कड हलकेच उचलते आणि मखमलीवरून बोटं फिरवते. झगेवालीचं लक्ष जातं तशी मुलगी ओशाळते. ‘जिझेल’ या बॅलेच्या पहिल्या अंकातली ही दोन-चार क्षणांची जागा आहे. पिढ्यान्‌पिढ्या ती अशीच सादर होत आली. भोळी पोर, कधी न पाहिलेलं कापड, थोडं हसू, थोडी कीव.

२०१६ साली नृत्यरचनाकार अकरम खानने लंडनच्या इंग्लिश नॅशनल बॅले या मंडळीसाठी जिझेल नव्याने बसवली, तेव्हा ही जागा त्याने काढून टाकली नाही. हात तोच, कडही तीच. फक्त त्याची जिझेल कापडाच्या कारखान्यातली कामगार आहे. उमरावाच्या लेकीच्या, बाथिल्डच्या, पोशाखाला हात लागतो आणि तिला कळतं की हे कापड आपल्या हातून गेलेलं आहे. हरखण्याच्या जागी ओळख येते. माझ्या मते या मांडणीचं सगळं मर्म या एका स्पर्शात आहे. जुन्या कलाकृतीत काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी, मग ते नृत्यातले असोत की संगीत नाटकातले, हे प्रकरण नीट उलगडून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

मूळ म्हणजे नेमकं कुठलं?

जिझेलचा पहिला प्रयोग २८ जून १८४१ रोजी पॅरिसच्या ऑपेरात झाला. जिझेलच्या भूमिकेत कार्लोत्ता ग्रिझी, संगीत ॲडॉल्फ आदामचं, नृत्यरचना झाँ कोराली आणि ज्यूल पेरो यांची. त्यातल्या पेरोचं नाव तेव्हा श्रेयनामावलीत नव्हतं. कथा थेओफिल गोतिए आणि व्हेर्नुआ द सेंजॉर्ज यांनी रचली. गोतिएला बीज मिळालं ते जर्मन कवी हाइन्रिख हाइनने सांगितलेल्या एका स्लाव्ह दंतकथेत. लग्नाआधीच मेलेल्या मुली रात्री थडग्यांतून उठतात आणि वाटेत सापडलेल्या तरुणाला मरेस्तोवर नाचवतात. त्यांना ‘विली’ म्हणतात. हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. अतृप्त राहून गेलेल्या बाईचं काय होतं, हे हडळ, जखीण, अळवंतीण या शब्दांतून आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. डोहाकाठच्या साती आसराही माणसाला पाण्यात ओढतातच.

गोष्ट अशी. वेश पालटून गावात आलेला उमराव आल्ब्रेख्त जिझेलच्या प्रेमात पडतो. तिच्यावर जीव टाकणारा रानरखवालदार हिलारिऑन त्याचं बिंग फोडतो. आल्ब्रेख्तचं लग्न बाथिल्डशी ठरलेलं आहे हे कळताच जिझेलचं भान सुटतं आणि ती मरते. दुसऱ्या अंकात ती विली झालेली असते. विलींची राणी मिर्था हिलारिऑनला नाचवून मारते, आल्ब्रेख्तलाही मारायला निघते. जिझेल मात्र पहाटेपर्यंत त्याला सावरून धरते आणि वाचवते.

एक गोष्ट आधीच नोंदवायला हवी. आज जगभर ‘मूळ जिझेल’ म्हणून जे दाखवतात ते १८४१ चं नाही. पॅरिसमध्ये हा बॅले १८६८ नंतर बंद पडला. तो टिकला रशियात. तिथे नृत्यरचनाकार मारियुस पेतिपाने त्यावर वेळोवेळी हात फिरवला, आणि १९१० मध्ये दियागिलेव्हच्या रशियन बॅले मंडळीने तो पुन्हा पॅरिसला नेला. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो ती स्वतःच नव्या मांडणीतून आलेली. खानने पवित्र वास्तूला धक्का लावला असं म्हणणाऱ्यांनी ही वास्तू आधी किती वेळा डागडुजी होऊन उभी आहे ते पाहावं.

कुणी ठरवलं आणि कुणावर सोपवलं

निर्णय तमारा रोहोचा. ती २०१२ पासून इंग्लिश नॅशनल बॅलेची कलासंचालक होती आणि त्याच वेळी मंडळीची प्रमुख नर्तिकाही. या मंडळीचा ‘नटक्रॅकर’ १९५० पासून दर नाताळात ठरलेला असतो. प्रेक्षकाला ओळखीचं तेच हवं असतं आणि तिकीटखिडकी त्यावरच चालते. अशा मंडळीत जिझेलसारखं हुकमी नाणं ज्याने पूर्ण लांबीचा एकही बॅले केलेला नाही अशा माणसाच्या हाती द्यायचं, याला छाती लागते.

तरी तो अंधारात मारलेला दगड नव्हता. २०१४ साली पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त खानने याच मंडळीसाठी ‘डस्ट’ ही छोटी रचना केली होती आणि त्यात रोहो स्वतः त्याच्याबरोबर नाचली होती. मंडळीतल्या नर्तकांच्या अंगाला त्याची भाषा थोडीफार लागलेली होती. मोठ्या कामाआधी लहान कामात एकमेकांना पारखून घेणं ही साधी वाटणारी पायरी अनेक ठिकाणी गाळली जाते. इथे ती गाळली गेली नाही, आणि त्याचा फायदा दिसतो.

खानचा जन्म १९७४ चा, लंडनचा. आईवडील बांगलादेशी. लहान वयातच त्याने लंडनमध्ये गुरू प्रताप पवार यांच्याकडे कथक शिकायला सुरुवात केली. किशोरवयात पीटर ब्रुकच्या ‘महाभारत’ नाटकात काम केलं. पुढे समकालीन नृत्याचं शिक्षण घेतलं. म्हणजे बॅलेच्या तालमीच्या दांडीपाशी तो कधी वाढलाच नाही. त्याच्या अंगात आहे ते कथकचं तत्कार, म्हणजे पायांचे ठोके, आणि चक्कर.

जिझेलच्या त्याच वर्षी, जानेवारी २०१६ मध्ये, त्याची ‘अन्टिल द लायन्स’ ही रचना लंडनच्या राउंडहाउसमध्ये झाली होती. विषय होता अंबा. भीष्माने पळवलेली, शाल्वाने नाकारलेली, मरून पुन्हा जन्म घेऊन सूड घेणारी अंबा. त्या रचनेचे दृश्यकार टिम यिप आणि संगीतकार विन्चेन्झो लामान्या. हेच दोघे काही महिन्यांनी जिझेलला होते. हा धागा मला फार मोलाचा वाटतो. विली म्हणजे काय हे खानला गोतिएकडून शिकावं लागलं नाही. मेलेली बाई हिशेब चुकता करायला परत येते, ही गोष्ट तो आधीच अंगात घेऊन तालीमघरात आला होता.

भिंत, भोंगा आणि मुकादम

पहिला प्रयोग २७ सप्टेंबर २०१६ रोजी मँचेस्टरच्या पॅलेस थिएटरमध्ये झाला. मँचेस्टर इंटरनॅशनल फेस्टिव्हल आणि लंडनचं सॅडलर्स वेल्स या निर्मितीत भागीदार होते. गिरणीच्या कापडावर उभं राहिलेलं हे शहर, आणि पडदा उघडला की समोर बंद पडलेल्या कापड कारखान्याचे स्थलांतरित कामगार.

पडदा उघडतो तेव्हा त्यांची पाठ आपल्याकडे असते आणि हात भिंतीवर. टिम यिपने उभी केलेली ही भिंत रंगमंचभर पसरलेली, माणसांच्या डोक्यावर कितीतरी उंच गेलेली आहे. तिच्यावर पंजांचे ठसे आहेत. माणसं ती ढकलताहेत. भिंतीच्या अलीकडे काम गेलेले, बाहेर टाकलेले लोक, पलीकडे मालक. पुढे हीच भिंत कलते, गोल फिरते, आणि मालकवर्ग तिच्याआडून बाहेर येतो. झाड नाही, झोपडी नाही, ऱ्हाइनकाठचे द्राक्षमळे नाहीत. सगळ्या नेपथ्याचं काम एकटी भिंत करते, आणि मार्क हेंडरसनची प्रकाशयोजना तिला कधी गंजलेला पत्रा करते, कधी आभाळ.

मूळ बॅलेत उमराव शिकारीला निघालेले असतात आणि त्यांची चाहूल शिंगांच्या आवाजाने लागते. लामान्याने ते शिंग ठेवलं, पण ते आता बंदराच्या किंवा गिरणीच्या भोंग्यासारखं येतं, छातीत घुमणारं. परळ-लालबागमध्ये ज्यांचं बालपण गेलं त्यांना वेगळं सांगायला नको. भोंगा झाला की सगळी वस्ती ज्या पद्धतीने ताठ होते, तसे रंगमंचावरचे कामगार ताठ होतात. आदामच्या सुरावटी लामान्याने पुसल्या नाहीत. यंत्रांच्या घरघरीतून त्या मधूनच वर येतात आणि पुन्हा बुडतात. वाद्यवृंदासाठीची बांधणी गॅव्हिन सदरलँडने केली आहे. जुनी सुरावट ओळखीची असेल तर ती दूरवर ऐकू आल्यावर गळा दाटतो. ओळखीची नसेल त्यालाही इतकं कळतं की या गोंगाटात काहीतरी कोवळं अडकलंय.

मालक भिंतीतून बाहेर येतात ते अवाढव्य, भरजरी पोशाख घालून, आणि उभे राहतात. नाचत जवळपास नाहीतच. नाचायचं काम कामगारांचं, यांचं काम बघायचं. मूळ बॅलेतही गावकरी पाहुण्यांपुढे नाचतात, पण तिथे तो सुगीचा आनंद असतो. इथे करमणूक हा कामाचाच एक भाग होतो. बॅले ही कला राजदरबारात वाढली, हे ज्याच्या लक्षात आहे त्याला या दृश्यात दुहेरी टोचणी लागते, कारण आपणही तिकीट काढून बघतच बसलेलो असतो.

पात्रांमधला सर्वांत हुशार बदल हिलारिऑनचा. मूळचा रानरखवालदार हा बिचारा, मत्सराने पेटलेला, गोष्ट पुढे ढकलण्यापुरता. खानने त्याला मधला माणूस केलं. मालकांची नक्कल करणारा, त्यांच्याशी सौदे करणारा, त्यातून स्वतःचा फायदा बघणारा आणि आपल्या लोकांसाठीही थोडंफार मिळवणारा. आपल्याकडे त्याला एकच शब्द आहे, मुकादम. जेफ्री सिरिओने ही भूमिका केली ती मानेपासून. मान एकदा मालकांकडे लवते, एकदा आपल्या माणसांवर ताठ होते, आणि मधल्या क्षणात तो कुणाचाच नसतो. या माणसाचाही जिझेलवर जीव आहे, हे त्यामुळे जास्त खरं वाटतं.

टाच जमिनीला कधी लागते

बॅलेचं शरीर वर जाऊ पाहतं. कथकचं शरीर जमिनीशी बोलतं. पाय आपटल्याशिवाय बोल निघत नाही. या दोन गोष्टींची मोट बांधायची तर बहुतेक लोक वर बॅले, खाली कथक अशी खिचडी करतात. खानने तसं केलं नाही. घुंगरू नाहीत, मुद्रांची आरास नाही, कुठेही ‘हे बघा भारतीय’ असं नाही. त्याने कथककडून वजन घेतलं. पहिल्या अंकातले कामगार मऊ जोड्यांत, तळवा पूर्ण टेकवून, गुडघ्यांत वाकून नाचतात. कळपासारखे धावतात, थबकतात, फिरतात. हात मागावरच्या धोट्यासारखे एका लयीत आडवे जातात आणि परत येतात.

आणि मग दुसरा अंक. ओसाड, भुतांनी भारलेला कारखाना. या अंकातल्या विली म्हणजे त्या कारखान्यात राबून मेलेल्या बायका. त्या येतात तेव्हा पहिल्यांदा पायात पॉइंट शूज दिसतात. पुढे कडक पेटीसारखा भाग असलेले, ज्यांच्यामुळे नर्तिका अंगठ्याच्या टोकावर उभी राहते, तेच जोडे. जुन्या जिझेलमध्ये नायिका जिवंतपणी आणि मेल्यावरही टोकावरच नाचते. त्यामुळे ते नुसतं सौंदर्य होऊन बसतं. इथे एक अख्खा अंक टाच जमिनीवर होती आणि आता ती उचलली गेली. जमिनीशी संबंध संपला म्हणजे माणूस मेलं. एकोणिसाव्या शतकातल्या रोमँटिक बॅलेच्या काळात टोकावर चढण्याचं कारण तेच होतं. १८३२ साली मारी ताल्योनीने ‘ला सिल्फीद’मध्ये टोकावर नाचून दाखवलं ते माणसासारखं नसलेलं काहीतरी साकारायला. पुढे ती युक्ती सवय झाली. एका कथकवाल्याने तिला तिचा अर्थ परत मिळवून दिला, याचा मला विलक्षण आनंद आहे.

या विली पांढऱ्या झुळझुळीत परकरांतल्या नाहीत. केस मोकळे, कपडे विरलेले, हातात बांबूच्या लांब काठ्या. टोकावर बारीक बारीक पावलं टाकत त्या रांगेने पुढे सरकतात आणि काठ्या जमिनीवर एकत्र आपटतात. जुन्या बॅलेतही विलींच्या दोन रांगा समोरासमोरून एका पायावर सरकत एकमेकींना छेदून जातात. जगातल्या सगळ्या जिझेलप्रेमींची ती आवडती जागा. खानने तिची नक्कल केली नाही, पण त्या रांगांमधली शिस्त उचलली आणि तिच्यातली धमकी उघडी केली. स्टिना क्वागेबरची मिर्था थंड आहे. तिला राग येत नाही, तिला फक्त हिशेब माहीत आहे.

ढाक्याजवळच्या सावारमध्ये २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसं गेली. बहुतेक कपडे शिवणाऱ्या कामगार, त्यातही बायका जास्त. रंगमंचावर हे नाव कुठे येत नाही, यायची गरजही नाही. कारखान्यात मेलेल्या बायका काठ्या घेऊन उठतात तेव्हा त्या कुठून आल्या हे विचारावं लागत नाही. आणि रोमँटिक बॅलेचे ते प्रसिद्ध पांढरे परकर सुती तलम कापडाचे असत, हेही त्याच वेळी आठवतं. ते कापड कुणाच्या तरी हातांनी विणलेलं होतं. गोतिएच्या काळात ते हात रंगमंचावर आले नव्हते.

जे हातून निसटलं

आता खटकलं ते. मी हा प्रयोग २०१७ साली लिव्हरपूलमध्ये झालेल्या चित्रीकरणातून पाहिला, रोहो आणि जेम्स स्ट्रीटर यांचा. पहिल्या अंकात, कथा आधीपासून ठाऊक नसेल तर कोण कुणाचं कोण हे कळायला वेळ लागतो. आल्ब्रेख्त भिंतीपलीकडचा आहे ही गोष्ट जुन्या बॅलेत तलवार लपवण्याच्या एका कृतीतून लहान मुलालाही समजते. इथे ती पोशाखातून आणि पवित्र्यातून ताडावी लागते. ज्याने कार्यक्रमपत्रिका वाचली नाही तो चाचपडतो.

त्याहून मोठा तोटा जिझेल वेडी होण्याच्या प्रवेशाचा. जुन्या जिझेलमध्ये तिचे केस सुटतात, ती फुलाच्या पाकळ्या खुडून कौल लावल्याचं आठवते, आनंदात नाचलेल्या पावलांचे तुकडे पुन्हा अडखळत नाचते, तलवार फरफटत ओढते. सगळं गाव गप्प उभं असतं. नर्तिका नटी म्हणून उघडी पडते ती इथे. खानच्या मांडणीत तिचं दुःख कोसळतं, आणि मग मालकाच्या इशाऱ्यावर तिचीच माणसं तिच्याभोवती कडं करतात. कडं उघडतं तेव्हा ती मेलेली असते. कल्पना भयंकर आणि खरी आहे; आपल्याच लोकांच्या हातून आपलं माणूस संपवून घेण्याची ही रीत नवी नाही. पण त्या कड्याआड नायिका दिसेनाशी होते. तिच्या मरणाचा अर्थ आपल्याला मिळतो आणि ती मात्र मिळत नाही. अभिनयाचं इतकं मोठं भांडार असलेल्या कथकमधून आलेल्या माणसाने नेमकी ही जागा समूहाला देऊन टाकावी, याचं वाईट वाटतं. रोहोसारखी नटी समोर असताना तर जास्तच.

संगीताचा आवाजही काही ठिकाणी नर्तकांना झाकतो. भोंगा पहिल्यांदा काळजात जातो, पण सततचा दणका कानाला बोथट करतो.

दोन जिझेल, एकच मंडळी

याआधीचे दोन प्रयत्न शेजारी ठेवले की खानचं वेगळेपण कळतं. १९८२ मध्ये मॅट्स एक या नृत्यरचनाकाराने स्वीडनच्या कुलबर्ग बॅलेसाठी जिझेल केली. आदामचं संगीत ठेवलं, पावलं पूर्ण नवी, आणि दुसरा अंक थेट मनोरुग्णालयात. १९८४ मध्ये डान्स थिएटर ऑफ हार्लेमने ‘क्रिओल जिझेल’ केली. पावलं परंपरेतली, पण गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या लुइझियानात, स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या समाजात. एकाने संगीत राखलं, दुसऱ्यांनी पावलं राखली. खानने दोन्ही बदललं. राखलं ते हाडांचं माप: वेश पालटून आलेला पुरुष, कडेला लागलेलं बोट, शिंग, टोकावरच्या बायका, आणि ज्याने फसवलं त्यालाच वाचवणं. ही हाडं शाबूत आहेत म्हणून वरचं सगळं मांस बदलूनही ती जिझेलच राहते.

मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो तो रोहोचा पुढचा निर्णय. मँचेस्टरनंतर नोव्हेंबरमध्ये नवी जिझेल सॅडलर्स वेल्सला आली, आणि जानेवारी २०१७ मध्ये याच मंडळीने लंडनच्या कोलिझियममध्ये मेरी स्कीपिंगची जिझेल केली. ती १९७१ ची, जुने कागद धुंडाळून जमेल तितकी १८४१ च्या जवळ नेलेली मांडणी. आदामने विलींसाठी लिहिलेला आणि पुढे सगळीकडे गाळला गेलेला फ्यूग, म्हणजे एकच सुरावट एकामागून एक उचलत जाणारा संगीताचा भाग, तिच्यात परत आणलेला आहे. एकाच मोसमात त्याच मुलींनी एकदा काठ्या आपटल्या आणि एकदा पांढऱ्या परकरांत हात छातीशी दुमडले. नवीन आणलं म्हणून जुनं अडगळीत टाकलं नाही, आणि जुनं आहे म्हणून नव्याला दार बंद केलं नाही. लंडनच्या रंगभूमीसाठी दिल्या जाणाऱ्या ऑलिव्हिए पुरस्कारांत २०१७ साली मंडळीला नृत्यातल्या विशेष कामगिरीचा सन्मान मिळाला तो ही जिझेल आणि ‘शी सेड’ हा स्त्री नृत्यरचनाकारांचा कार्यक्रम यांनी आपला पट रुंदावल्याबद्दल. प्रयोग पुढे ऑकलंड आणि शिकागोपर्यंत गेला.

शेवटाबद्दल थोडं. १८४१ च्या संहितेत जिझेल फुलांत विरून जाताना आल्ब्रेख्तला बाथिल्डकडे बोट दाखवते. बाथिल्ड लवाजम्यासह येते आणि तो तिच्या स्वाधीन होतो. ज्याचं जग त्याला परत मिळतं. पुढच्या काळात हा भाग बहुतेक ठिकाणी गळला आणि आल्ब्रेख्त थडग्यापाशी एकटा उरू लागला. खानचा आल्ब्रेख्त दुसऱ्या अंकाच्या आरंभीच जिझेलच्या मृत्यूबद्दल मालकांना दोष देतो आणि त्याची शिक्षा म्हणून त्या भुताळ कारखान्यात टाकला जातो. जिझेल त्याला माफ करते, मिर्थाच्या हातून सोडवते आणि मेलेल्यांमध्ये परत जाते. मग भिंत पुन्हा उभी राहते. तो जिवंत आहे, पण भिंतीच्या अलीकडे, जिथे सुरुवातीला कामगार पाठमोरे उभे होते तिथे, आणि पलीकडून त्याला कुणी बोलवत नाही.